परीक्षापाठातील वजाबाकी
ओल्या खडूचा वास आला की मळवलीच्या शाळेतील माझा परीक्षापाठ आठवतो. त्यात नापास होणाऱ्याला ट्रेनिंग कॉलेज सोडून गावी परतावे लागे. मागच्या भिंतीशी परीक्षक बसले होते. काड्यांच्या जुड्या दाखवून बेचाळिसातून सतरा वजा करताना मी दहाची एक जुडी सोडली, ती कमी करायला विसरलो आणि फळ्यावर पस्तीस लिहिले. आपल्या काड्या मोजून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, माज्या तर पंचवीसच ऱ्हायल्या. तुमी सोडलेली जुडी परत धरली जनू." वर्ग हसला. मला तो आकडा तत्काळ पुसायचा होता, पण भीतीने हात उचलेना. अखेर तिनेच उठून तो दुरुस्त केला. पाठ संपल्यावर परीक्षक म्हणाले, "चूक झाकली नाहीत, मुलीकडून सुधारून घेतलीत. पास." मी नमस्कार केला. खरे कारण आज प्रथमच लिहितो आहे.