कुंडलिकची तहान

तर आपण तिसऱ्या तांब्यापाशी होतो. पोहे तसेच, चहा तसाच, आणि बोरी बुद्रुकहून मुलगी बघायला आलेला कुंडलिक तिसरा तांब्या एका दमात रिचवून म्हणतोय, "अजून वाईच मिळंल का?"

मुलीचे वडील, पिंपळवंडीचे गेणभाऊ, रिकाम्या तांब्याकडं बघतच राहिले. त्यांच्या धाकट्या भावाचा, सोमाजीचा, पाय साखरेच्या आजारानं गेलेला. त्याचीही सुरुवात तहानेनंच झाली होती. पोरगा लाखात एक, बागाईतदार, हसतमुख. पण वृषालीला जाणूनबुजून आजाऱ्याच्या घरी कशी द्यायची?

"पावणं, रागावू नका. शुगर तपासलीय का?"

"चारदा. साखर न्हाईच," कुंडलिक म्हणाला. "पाळण्यात असल्यापास्नं पितोय. आमचं मामाबी असंच."

गेणभाऊंचं समाधान होईना. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः त्याला घेऊन पुण्याला निघाले. नव्व्याण्णव सालची गोष्ट. एसटीत कुंडलिकच्या मांडीवर पाण्याचा कॅन. चाकण यायच्या आत त्यानं लघवीसाठी दोनदा गाडी थांबवली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "भाऊ, पुढच्या येळंला स्वतःची गाडी काढा की राव."

मोठ्या डॉक्टरांनी तपासणीसाठी त्याला नजरेखाली ठेवून काही तास पाणी बंद केलं, मग हॉर्मोनचं इंजेक्शन दिलं. लघवी आपली पाण्यासारखीच.

"मेंदूतून एक हॉर्मोन निघतं," डॉक्टर सांगू लागले. "ते मूत्रपिंडाला सांगतं, पाणी अडव. तो निरोप ऐकायला तिथं रिसेप्टर असतो. यांचा जन्मापासून ऐकतच नाही."

गेणभाऊंचा चेहरा उजळला. "म्हंजे कालव्याचं गेट. वरनं निरोप येतोय, आन् गेटवाला ठार बहिरा."

"अगदी तसंच. साखरेचा काही संबंध नाही. मीठ कमी खायचं, पाणी कधी तोडायचं नाही. आणि ही गोळी लोकांची लघवी वाढवते, यांची कमी करील."

"गोळीबी उलट्या डोक्याची म्हणा. आन् पोराबाळांचं काय?"

"मुलाला होणार नाही. मुलीच्या मुलात उतरू शकतं. पण आता माहीत आहे, तर जन्मल्याबरोबर तपासता येईल."

परतीच्या गाडीत गेणभाऊंनीच कॅन धरला होता.

दुसऱ्या बैठकीला त्यांनी पाहुण्यांपुढं तांब्या ठेवलाच नाही, भरलेला हंडाच ठेवला. सोमाजी कोपऱ्यातून हसला. डॉक्टरांचं सगळं बोलणं गेणभाऊंनी वृषालीला आधीच सांगितलं होतं. आता म्हणाले, "बाई, तुझ्या मनाशिवाय काय व्हायचं न्हाई. इचारायचं असंल ते इचार."

वृषालीनं मान वर केली. "एवढं पाणी रोज भरायचं कुणी?"

पोहे चावणारे थांबले. गेणभाऊंनी डोळेच मिटून घेतले.

कुंडलिक म्हणाला, "आजवर माझं पाणी मीच भरलंय, म्होरंबी मीच भरीन. माठ कुठं ठेवायचा, तेवढं तुमी सांगा."