रुमालाखालचा भाव

समोरचा माणूस एखाद्या शब्दावर अडकला, की तो शब्द तुम्ही त्याच्या वतीनं पुरा करून टाकता. टाकता ना? खरं सांगा.

उमरग्याच्या बाजारात गंगव्वाच्या करडईच्या ढिगाशेजारी मी उभा होतो आणि माझा शब्द पुरा करायला माणसं टपली होती. तो शब्द म्हणजे तिच्या मालाचा भाव होता. फक्त मला माहीत असलेला. आणि मी तोतरा.

तेव्हा निजामाचा अंमल होता. मी काशप्पा शेठच्या आडतीत दलाल होतो. आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल दारात उतरवून घेऊन तो व्यापाऱ्याला विकून देणारी पेढी. तोतऱ्यानं दलाली करावी हे ऐकून तुम्हाला हसू येईल. पण आमच्याकडे भाव तोंडानं ठरतच नसे. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकी. एकेक खरीददार येऊन रुमालाखाली हात घाली आणि दलालाची बोटं दाबून आपला भाव सांगे. किती बोटं, कोणतं पेर, यावरून आकडा समजे. बाहेरून दिसे ते नुसतं हलणारं कापड. एकाचा आकडा दुसऱ्याला कळत नसे. शेवटी दलाल ज्याच्या खांद्यावर रुमाल टाकी, माल त्याचा. शेतकऱ्याला भाव कळे तो सगळं आटोपल्यावर, शेठच्या तोंडून.

शाळेत हजेरीला 'हाजिर' म्हणावं लागे. माझा श्वास 'ह'वरच अडे, आणि मास्तर मला समोर बघत गैरहजर मांडत. पुढं कचेरीत कारकुनाची उमेदवारी मागायला गेलो. नाव सांगून होण्याआधी मुन्शींनी दार दाखवलं. काशप्पा शेठ तेवढे म्हणाले, "बोटं हायत न्हवं? मग जीब कशाला लागती?" मला काम मिळालं, आणि 'मुका दलाल' हे नावही.

मी मुका नव्हतो. सोलापूरहून रिकाम्या पोत्यांच्या घड्यांत लपून निजामाविरुद्धची पत्रकं येत, ती मी पाठ होईपर्यंत वाचत असे. जुलमाविरुद्ध बोला, असं प्रत्येक पत्रक सांगे. कसं बोलायचं, ते मात्र एकातही लिहिलेलं नसे.

गंगव्वा जळकोटकडची. नवरा गेल्यापासून शेत तीच बघत होती. जोडीतला एक बैल मेला होता आणि त्याच बाजारात दुसरा घेतला नाही, तर तिची पेरणी राहणार होती. मी तिच्या ढिगाजवळ हातावर रुमाल टाकला. हात येत गेले. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याचा आकडा सगळ्यांत वर होता. शेठच्या मेहुण्याचा त्याच्यापेक्षा बराच खाली.

तेवढ्यात शेठ खोकले.

त्या खोकल्याचा अर्थ बाजाराला ठाऊक होता: रुमाल मेहुण्याच्या खांद्यावर. जुने दलाल तो मुकाट्यानं पाळत. माझ्या वाट्याला तो पहिल्यांदाच आला होता. मी रुमाल हातातच धरून उभा राहिलो.

"टाक की रं," मेहुणा खांदा पुढं करत म्हणाला.

गंगव्वा माझ्याकडे बघत होती. तिनं बाजारात कुणी विचारत नसे ते विचारलं, "तम्मा, समद्यात जास्त किती आला?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

शेठ हसले. "अव्वा, त्याला बोलता येत न्हाय. मी सांगतो. अठरा."

"तुमाला कसं ठावं?" ती म्हणाली. "रुमालात हात तर ह्येचा व्हता."

भाव गुपित असतो, याच बोलीवर रुमाल चाले. तो शेठला माहीत असेल, तर मग गुपित कसलं?

आता सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं. "बा…"

पुढं काही नाही. ज्यांना हे होत नाही त्यांना सांगतो. शब्द माहीत असतो, लख्ख दिसत असतो. पण जबडा कुलूप घातल्यासारखा बसतो, गळ्यात दगड येतो, आणि जोर लावावा तसं कुलूप घट्ट होतं.

"बा… बा… बकरी!" मेहुण्यानं नक्कल केली. लोक हसले. शेठ घाईनं म्हणाले, "बघा, दिवस मावळंल. अठरा धरा अन् तोला."

मापाड्यानं माप उचललं.

"ठिवा ते खाली," गंगव्वा म्हणाली आणि आपल्याच पोत्यावर मांडी घालून बसली. "माल माझा हाय. मला घाई न्हाय. तू बोल तम्मा. तुज्या तोंडातनं येईल तवाच आईकणार."

मापाड्यानं माप खाली ठेवलं. पाठीवर पोतं घेतलेला हमाल थांबला, मग पोतं उतरवून त्याला टेकून उभा राहिला. पलीकडच्या आडतीतली माणसं आली. कुणी हसेना. कुणी शब्द सुचवेना. एवढा गजबजलेला बाजार, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय आवाज नाही. माझ्या एका शब्दासाठी! आजवर लोक मला वेळ देत ते कीव म्हणून, दुसरीकडे बघत. इथं सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण त्यांना ऐकायचं होतं. मी नंतर मोठमोठ्या सभा पाहिल्या, घोषणांनी हादरलेली मैदानं पाहिली. त्या शांततेएवढं मोठं काही पाहिलं नाही.

"बा… बा… बावीस."

तुकड्यातुकड्यांनी आला, पण पुरा आला. सोलापूरच्या व्यापाऱ्यानं हात वर केला. "माझा हात. माल घेतला."

त्या दिवशी गंगव्वा बैल घेऊन गेली. शेठनी माझ्या हातातला रुमाल काढून घेतला. "बोलाया लागलास. आता आमच्या कामाचा न्हाईस."

पुढच्या बाजारी जळकोटच्या गाड्या शेठच्या दारात न थांबता बाजारामागच्या लिंबाखाली उभ्या राहिल्या. गंगव्वानं मला निरोप धाडला होता, भाव उघड बोलणारा दलाल पाहिजे. तेव्हापासून मी तिथं लिलाव पुकारतो. बाकीच्या आडतींत अजून रुमालच चालतो. माझी जीभ अजून अडते. 'ब'वर तर हटकून. लिलाव लांबतो, व्यापारी कुरकुरतात, शेतकरी बिडी पेटवून वाट बघतात. एवढ्या काळात एक गोष्ट शिकलो: भावाची घाई बहुधा विकणाऱ्याला नसते.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात, दुकानात, कचेरीत कुणी शब्दावर अडकला, तर तो शब्द त्याच्या तोंडात घालू नका. हातातलं ओझं खाली ठेवा. त्याच्याकडे बघा. आणि गंगव्वासारखे बसून राहा.