झाकणावरचा अंगठा

नवरा कलाकार आहे म्हटलं की लोक विचारतात, "चित्रं काढतात का?" मी सांगते, "नाही हो, चालतात."

खोटं नाही. त्याच्या बुटांच्या तळाला बटणं आहेत, तिथून तारा कमरेच्या पत्र्याच्या डब्यात जातात. पाऊल पडलं की डबा वाजतो. चढावर सूर चढतो, पायऱ्यांवर तर अगदी गातो. हा सगळा कारखाना माझ्या ओट्यावर. पिठाच्या डब्यात तारेचा तुकडा सापडला की मी घर डोक्यावर घेते आणि तो शांतपणे म्हणतो, "बरं झालं, हाच शोधत होतो."

इतकी वर्षं गल्लीतल्या पोरांखेरीज कुणी ऐकलं नाही. यंदा पहिल्यांदाच एका कलादालनाने बोलावलं. घरापासून दालनापर्यंत चालायचं, लोक मागून ऐकत येणार, पसंत पडलं तर प्रदर्शन. त्या आठवड्यात त्याला घास गिळवत नव्हता.

बरीच माणसं जमली. पूल चढताना डबा असा काही गायला की मला चक्क अभिमान वाटला. उतरताना मात्र आवाज बसला, मग बंदच. लोक घड्याळं बघायला लागले.

सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "नवे सेल माझ्या रेडिओत आहेत गं. त्याच्या डब्यात मी माझे जुने घातले. चांगले उन्हात वाळवून घातले होते."

कपाळाला हात लावायलाही वेळ नव्हता. रेडिओ त्यांच्या पिशवीतच होता. त्याच्याशिवाय त्या कुठे जात नाहीत. लेकीने फुटपाथवरच सेल बदलले. पण डब्याचं झाकण बसेना. सासूबाईंनी चमच्याने उचकटताना खिट्टी मोडली होती. मग मीच झाकणावर अंगठा दाबला आणि म्हटलं, "चल आता."

तो भराभर चालणारा, मी रमतगमत. आधी गाणं अडखळलं, मग पावलं जुळली. दालनापर्यंत मी त्याला अशी चिकटून. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर आम्ही इतक्या जवळून कधी चाललो नव्हतो, आणि मला फार छान वाटत होतं.

दालनाच्या बाईंनी विचारलं, "तुमचा हात कशाचं प्रतीक?"

"झाकण सैल आहे," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

प्रदर्शन ठरलं. रोज संध्याकाळी चालायचं, दोघांनी.

त्याने नवी खिट्टी बनवली होती, ती कुठेतरी हरवली. परवा मला पिठाच्या डब्यात सापडली. मी ती पुन्हा पिठात खोल खुपसून ठेवली.