भेगेवरची काच

फोन आला तेव्हा माझ्या हातात हिरा होता. काच कापायचा, दागिन्यातला नव्हे. सावेडीत माझं काचेचं दुकान आहे, खिडक्या, आरसे, फोटोच्या चौकटी असली कामं मी गेली कित्येक वर्षं करते. काचेवर हिऱ्याने रेघ ओढली की ती लगेच मोडावी लागते, तशीच ठेवली तर मग ती सरळ मोडत नाही. फोनवर सुनंदाचं, म्हणजे माझ्या भावजयीचं नाव दिसत होतं. मी आधी काच मोडली आणि मग फोन घेतला. "आक्का, हे उठत नाहीयेत," ती म्हणाली. स्कूटरवरून मी पोचले तेव्हा दिलीप बाथरूमच्या दारात आडवा होता, शेजारचे डॉक्टर त्याच्याजवळून उठत होते आणि आत बादली भरून वाहत होती. मी पहिल्यांदा नळ बंद केला. नळ वाहताना दिसला की दिलीप जेवता जेवता उठायचा, त्यामुळे त्या घरात तो आवाजच विचित्र वाटत होता. कागदावर हृदयविकार लिहिलंय आणि ते खरं आहे. त्याला रक्तदाब होता, गोळ्या वेळेवर घ्यायचा नाही. डोंगराने त्याचा जीव घेतला, असं कुणी कुणी भेटायला येऊन म्हणालं. मी तसं म्हणणार नाही. पण शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्या डोंगराशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, हेही खरं आहे.

आम्ही तिसगावचे. आमच्या लहानपणी दारात पाहुणा उभा राहिला की आई आधी हंड्यात डोकवायची आणि मग "या" म्हणायची. दिलीप माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, माझ्यामागे सायकलला पाण्याचे कॅन बांधून रडत रडत यायचा. असा मुलगा पुढे पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर झाला यात आश्चर्य नाही. आश्चर्य वेगळंच होतं. त्याची बदली अकोले तालुक्यात झाली, आणि पहिल्या वर्षानंतर घरी आला तो चक्रावून. "आक्का, चार महिने माणसाला समोरचं दिसत नाही एवढा पाऊस पडतो तिथे. आणि मार्चमध्ये बायका दरीत उतरून वाटीने पाणी भरतात. आपल्याकडे निदान आभाळाला शिव्या देता येतात. त्यांनी कुणाला द्यायच्या?"

त्यातली एक वाडी उंबरमाची. कड्याखालच्या उतारावर तीसेक घरं, भाताची खाचरं, एक शाळा. वर कड्याच्या पायथ्याशी बारमाही झरा होता, पण तिथवर चढणं बायांच्या आवाक्यातलं नव्हतं. दिलीपने तो झरा बांधून घेतला, उतारावरून पाइप आणला, वाडीच्या डोक्यावर टाकी बांधली आणि घराघरात नळ दिला. मोटर नाही, वीज नाही, पाणी आपल्या वजनाने खाली येणार. पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी हौसाबाई नावाच्या बाईने त्याला दारातल्या दगडावर बसवलं आणि कपड्यांसकट अंघोळ घातली. "सायेब, हालू नका! आमी जन्मभर घागरी व्हायल्या, आज तुमी भिजा!" हे सांगताना तो इतका हसायचा की सुनंदा चिडायची, कारण त्या अंघोळीत त्याचं घड्याळ गेलं होतं.

काही वर्षं बरी गेली. मग पाइपचे सांधे निखळायला लागले. पावसाळा संपला की दुरुस्ती, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. ठेकेदाराने माल हलका वापरला असं सगळे म्हणत, दिलीपही म्हणायचा. एकदा तो समोरच्या टेकडीवर चढला आणि तिथून त्याने पाहिलं की सरळ टाकलेला पाइप मधे धनुष्यासारखा वाकलाय. उतारावरची झाडंही कललीत. पाइप मोडत नव्हता, त्याच्याखालची जमीन सरकत होती. खाली कातळ, त्यावर मातीचा जाड थर, आणि तो थर पावसात भिजून जड होत दरवर्षी थोडा थोडा खाली येत होता. निखळलेल्या सांध्यांतून आणि तडकलेल्या टाकीतून गळणारं पाणी त्याच थरात मुरत होतं. म्हणजे ज्या पाण्यासाठी त्याला अंघोळ घातली, तेच पाणी वाडीच्या पायाखालची जमीन सैल करत होतं. हे सांगायला तो दुकानात आला आणि स्टुलावर बसला. मी चहा मागवला. तो म्हणाला, "आक्का, काचेच्या पट्ट्या कापून दे. दोन बोटं रुंद, वीतभर लांब."

भेगेवर आडवी काच सिमेंटने चिकटवायची आणि शेजारी भिंतीवर तारीख लिहायची. भेग जुनी आणि निवांत असेल तर काच राहते. भेग वाढत असेल तर काच तुटते, कारण काच ताणली जात नाही. इतकी साधी गोष्ट. माझ्याकडे कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, त्यातून मी पट्ट्या कापल्या आणि हाताला लागू नये म्हणून कडा घासून दिल्या. तो हसला. "भिंतीला लावायच्यात, नवरीला नाही." टाकीवर, शाळेवर, घरांच्या जोत्यांवर त्याने त्या लावल्या. दिवाळीआधी जाऊन पाहिलं तर एकही धड नव्हती. त्याने माझ्याकडून नव्या नेऊन लावल्या आणि वाडीला सांगितलं, ह्या पुढच्या पावसात तुटल्या तर मी टाकी बंद करणार आणि तुम्हाला इथून हलावं लागणार.

पुढच्या दिवाळीला तो राजूरचे पेढे घेऊन दुकानात आला. शाळेची काच शाबूत, टाकीची शाबूत, सगळ्या शाबूत. "थांबला गं डोंगर," म्हणाला. त्या वर्षी पाऊसही जरा कमी होता, त्यामुळे त्याला ते पटलं. त्याने वरच्या साहेबांना तसं कळवलं, हालचाल दिसत नाही म्हणून. वाडीसाठी दुसरी जागा शोधायचं काम तसंही रडतखडत चाललं होतं, ते या एका वाक्यावर थांबलं. ते वाक्य त्याच्याच सहीचं होतं.

आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात टाकीच्या भिंतीत हात जाईल एवढी फट पडली, हौसाबाईच्या गोठ्याची मागची बाजू खचली आणि दोन खाचरं भातासकट दरीत गेली. माणूस गेलं नाही, एवढंच. दिलीपने टाकी रिकामी केली, पाइप कापला. तो खाली उतरून राजूरला पोचेपर्यंत वाडीने सायकलची ट्यूब गुंडाळून पाइप परत जोडला होता. तो पुन्हा गेला. बायकांनी वाट अडवली. "पानी तुमीच आनलं आन आता तुमीच नेता व्हय? मग आनलं कशाला?" ऑफिसात त्याला घाबरट म्हणत, वाडीत दगाबाज. जागेसाठी तो दारोदार फिरला. एक जमीन वनखात्याची निघाली, दुसरीला पाणी नव्हतं, तिसऱ्या गावाने ही माणसं आमच्यात नकोत म्हणून सांगितलं. मला तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. वर्षभर गप्प बसलेला डोंगर एकदम एवढा कसा सरकला? "मी काहीतरी चुकीचं वाचलं, आक्का. माझंच कुठेतरी चुकलं." मी वैतागून म्हणायचे, "दिल्या, गोळी घेतलीस का?"

शेवटचा आला तो मे महिन्यात. स्टुलावर बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, "या वेळी दोन एमएमची दे, सगळ्यात पातळ. जाड काच उशिरा तुटते." मला कळलं. डोंगर थांबवायचं त्याने सोडून दिलं होतं. आता त्याला फक्त लोकांना पळायला वेळ मिळवून द्यायचा होता. मी म्हटलं, परवा ये, कापून ठेवते. ठेवल्याही होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून... तो आला नाही.

तेरावा झाल्यावर ती गुंडाळी गल्ल्याशेजारी दिसत राहायची. मी भावुक बाई नाही, पण कापलेला माल पडून राहिलेला मला चालत नाही. मी संगमनेर, अकोले, राजूर करत जीपने उंबरमाचीला गेले. हौसाबाई भेटली, ठेंगणी, पन्नाशीची, कपाळावर गोंदण. "सायेब न्हाई आले?" मी सांगितलं. तिने मला दारातल्या दगडावर बसवलं आणि पाणी दिलं. मग मी काम करावं म्हणून शाळेच्या भिंतीशी गेले. जुनी काच अजून तिथे होती, आता मधोमध तडकलेली, शेजारी दिलीपच्या अक्षरात त्या पेढ्यांच्या वर्षाआधीची तारीख. मी बोट फिरवलं. कड घासलेली नव्हती. वाकून पाहिलं तर एका कोपऱ्यात मागून पारा लागलेला. तो फुटक्या आरशाचा तुकडा होता. टाकीकडे गेले. वाडीने फट सिमेंटने बुजवून पाणी चालू ठेवलं होतं. फुटलेल्या भिंतीच्या एका बाजूला अर्धी काच चिकटलेली, तीही माझी नव्हती, फोटोच्या चौकटीतली होती.

हौसाबाई मागे येऊन उभी राहिली होती. "आमीच बसवल्या," ती म्हणाली. "तुमच्या काचा आषाढातच तुटल्या. सायेब बोलले हुते, तुटल्या तर पानी बंद. मग घरातला आरसा फोडला... त्यास्नी बरं वाटलं, बाई. पेढं वाटलं त्यांनी आमाला."

माझा हात उठायचाच बाकी राहिला. त्या एका आरशापायी एक आख्खं वर्ष गेलं होतं, आणि माझा भाऊ स्वतःला दोष देत गेला होता. मी ओरडले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पानी सोडून कुटं जावं, सांगा? तुमी सांगा, आज निघतो." मला आई आठवली, हंड्यात डोकावणारी. मी पिशवीतून पट्ट्यांची गुंडाळी काढली.

मग आम्ही दोघींनी पट्ट्या लावल्या. तिने सिमेंट कालवलं, मी काच धरली. ठरलं ते एवढंच की टाकीची तुटली तर पाणी सोडून द्यायचं, आणि घरांची तुटली तर कशाची वाट न बघता ओढ्यापलीकडच्या भैरोबाच्या माळावर जायचं. दिलीपचा फोन सुनंदाला घरात नको होता, तो माझ्याकडे आहे. त्यावर रोज सकाळी कळवायचं. "आता न्हाई बदलनार कुनी," हौसाबाई म्हणाली. मी म्हटलं, "बदललीस तर मला कळेल. माझी काच मी ओळखते."

टाकीची पट्टी जूनमध्येच तुटली. या वेळी त्यांनी स्वतः टाकी रिकामी केली, आणि बायका पुन्हा चिखलातून दरीत उतरून पाणी आणतात. जागेचं काहीच झालेलं नाही. दिलीपच्या जागी आलेले साहेब भले आहेत, बघतो म्हणतात. मीही ऑफिसात जाऊन बसते, तिथे मला साहेबांची बहीण म्हणून चहा देतात. सकाळी फोन यायचा, पाठीमागे पाऊस आणि हौसाबाईचं ओरडणं, "हाय! शाळेची हाय, घरांची बी हाय!" एवढंच बोलून ती ठेवायची.

परवापासून फोन आलेला नाही. मी लावते तर लागत नाही. पावसात तिकडे रेंज जाते, ते मला माहीत आहे. नव्या साहेबांना सांगितलंय. ते म्हणाले, घाटात दरड आहे, रस्ता मोकळा झाला की माणूस पाठवतो.

मी दुकानात आहे. नव्या पट्ट्या कापून ठेवतेय, दोन एमएमच्या, कडा घासून. दिलीपचा फोन हिऱ्याच्या डबीशेजारी उभा करून ठेवलाय. रेघ ओढायची आणि लगेच मोडायची, तेव्हा टक् असा आवाज होतो. दिलीप स्टुलावर बसून तो ऐकायचा आणि दर वेळी दचकायचा, मी त्याला हसायचे. आयुष्यभर हा आवाज मी ऐकत आले, कधी मान वर केली नाही. आता प्रत्येक टक् सरशी माझे डोळे त्या फोनकडे जातात.