अर्धापूरची गप्प मीटरं

मुरुडचा भागवत घाबरट आहे, हे तो स्वतःच सांगतो. घराला कुलूप लावून अर्ध्या वाटेवर गेला तरी परत येऊन ते ओढून बघणारा माणूस. नांदेडच्या ठेकेदाराने त्याला ठेवलं तेही याच स्वभावामुळे. स्मार्ट मीटर आपलं रीडिंग अगदी हलक्या ताकदीने हवेत सोडतं. ते झेलणारं यंत्र कुठे बसवायचं, याचा आराखडा भागवत करतो. तीनदा मोजल्याशिवाय सही करत नाही.

अर्धापूरच्या शिवारातल्या आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या घरांवर, त्याने जुलैत असंच तीनदा मोजलं होतं. यंत्र पाण्याच्या टाकीवर बसलं आणि सगळी मीटरं बोलू लागली. पण डिसेंबरात दोन गप्प झाली, जानेवारीत नऊ, फेब्रुवारीपर्यंत एकूण अडतीस. मीटर गप्प म्हणजे कुणीतरी हात लावला, असं वीज कार्यालयाने धरलं. एके दिवशी सकाळी निरोप आला: वीजचोरी पकडणारी दोन पथकं निघालीत, पहिलं नाव केळीच्या बागेमागे राहणाऱ्या आप्पासाहेबांचं.

भागवत मोटारसायकल काढून पथकांच्या आधी शिवारात पोचला. टाकीवरून येणारा सिग्नल मोजायचं यंत्र हातात धरून केळीच्या बागेतून आखाड्याकडे चालू लागला. आकडा पावलागणिक खाली गेला. बागेच्या मध्यावर पडदा कोरा झाला.

त्याने वर पाहिलं. डोक्यावर पानांचं छप्पर होतं. जुलैत इथे गुडघ्याएवढी रोपं होती! आता खोडाखोडात पाणी भरलं होतं आणि पाणी रेडिओ लहरी गिळतं, हे त्याला पहिल्या वर्षापासून पाठ. तिन्ही मोजण्या त्याने एकाच आठवड्यात केल्या होत्या. आराखड्यावर सही त्याच्या एकट्याची. चूक निघाली की ठेकेदार माणूस ठेवत नाही. गेल्या वर्षी दोघं गेले होते. क्षणभर त्याला वाटलं, आल्या पावली परत जावं. कोणाला कळणार?

तेवढ्यात आखाड्याकडून पथकाच्या जीपचा आवाज आला. तो आखाड्यावर पोचला तेव्हा वायरमन वीज तोडायला खांबाला शिडी लावत होता.

"पन्नास वर्सं झाली इथं राहून," आप्पासाहेब पथकाच्या साहेबांना, वसंतरावांना सांगत होते. "आज चोर झालो म्हणा की!"

"मीटर आठ दिवस बंद आहे, आप्पा. मी काय करू?"

"बंद कशाचं? आकडे फिरून राहिलेत की, बघा!" आप्पासाहेबांच्या सूनबाई सिंधू पुढे झाल्या. "अन् चोरीच करायची तर दोन बल्बांसाठी करावी व्हय?"

वायरमन हसला आणि शिडी चढू लागला.

भागवत शिडीकडे धावला. त्याचा आवाज भलताच मोठा निघाला. "साहेब, थांबा! चोरी न्हाई. माझी चूक हाय."

सगळे वळले. त्याने कुंपणाचा लांब बांबू उपसला, टोकाला मोजायचं यंत्र बांधलं. "हे मीटरच्या उंचीवर. बघा, कोरं." मग बांबू पानांच्या वर उभा केला, थोडं थांबला आणि खाली घेऊन दाखवला. पानांच्या वर असतानाचा आकडा पडद्यावर नोंदला गेला होता. "केळी आडवी येते. मोजलं तवा ती लहान होती. मी वाढ धरलीच न्हाई."

वसंतरावांनी पडदा जवळ घेऊन आकडा वाचला. "हे लिहून देशील? ठेकेदाराला जाईल बरं का."

"हाव," भागवत म्हणाला. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने लिहिलं. सही करण्याआधी ते तीनदा वाचलं.

वायरमन खाली उतरला. आप्पासाहेब म्हणाले, "भागवतराव, चहा घेऊन जावा."

"नको आप्पा. अजून सदतीस घरं हायेत." मोटारसायकल तिथेच सोडून तो जीपमध्ये मागे बसला. दुसरं पथक शिवाराच्या दुसऱ्या टोकाने निघालं होतं, त्यांचा फोन लागत नव्हता आणि वसंतरावांनी सांगितल्याशिवाय ते थांबणार नव्हतं. त्याने वसंतरावांना भीत भीत विचारलं, "साहेब, जरा जोरात घेता का?"