बेचाळीस मिनिटं

सिडकोतल्या आमच्या कोपऱ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समोर एक सिमेंटचा बाक, आणि त्या बाकावर रोज सकाळी अकराला एक सहा फुटी माणूस येऊन बसायचा. झुबकेदार मिशा, माझ्या पोटरीएवढं मनगट, कपाळावर भंडारा. हा माणूस पिशवीत हात घालतोय म्हणजे आता काय बाहेर काढतोय, असं वाटून नवीन गिऱ्हाईक हमखास एक पाऊल मागं सरायचं. पिशवीतून निघायच्या दोन सुया आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा. मग तो विणायला लागायचा. मी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड काचेवर ठेवता ठेवता हळूच सांगायचो, घाबरू नका, कालच सुटून आलेत, तिथं हेच शिकवतात. त्या माणसाला, म्हणजे आमच्या म्हसूकाकांना, सगळं ऐकू जायचं. मान वर न करता ते म्हणायचे, "नकल्या, आवरतं घे."

नकल्या म्हणजे मी. दिवसभर कागदांच्या नकला काढतो आणि रिकाम्या वेळी माणसांच्या. हे नाव त्यांनीच ठेवलं आणि आता माझ्या बायकोला भेटायला येणारेसुद्धा नकल्याचं घर कुठलं म्हणून विचारतात.

काका देवगाव रंगारीकडचे धनगर. वडील मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातायचे. काकांनी मात्र मेंढरं सोडून चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षं काढली. तिथं ऐन जवानीत पाय यंत्राखाली आला आणि दोन महिने दवाखान्यात पडून राहावं लागलं. वॉर्डात केरळकडची एक सिस्टर होती. तिला मराठी येत नव्हतं आणि काकांना पडून राहणं येत नव्हतं. तिनं त्यांच्या हातात सुया दिल्या. "दोनच शबुद व्हते आमच्यात," काका सांगायचे, "सीधा अन् उलटा. पयले पंधरा दिवस तर नुसतं सीधा. उलटा तिनं मागून शिकवला."

हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. एक ओळ सीधी आणि एक उलटी विणली की कापड गुळगुळीत येतं. नुसतं सीधं विणत गेलं की दर दोन ओळींमागं एक आडवा वरंबा उठतो, नांगरल्या रानासारखा. वरंब्यांचं कापड म्हणजे शिकाऊ हाताचं कापड. काकांनी ते चाळीस वर्षांत विणलं नव्हतं.

त्यांच्या सुया बाजारच्या नव्हत्या. वेल्डिंगच्या कांड्यांवरचा पांढरा लेप झाडून, टोकं घासून, पॉलिश मारून त्यांनी त्या स्वतः केल्या होत्या. आमच्या गावात थंडी येते ती तीन आठवड्यांची पाहुणी. तरी गल्लीतलं एक पोर त्यांच्या स्वेटरवाचून सुटलेलं नव्हतं. एखादं पोर नको म्हणालंच तर काका त्याच्या आईला सांगायचे, "ऱ्हाऊ द्या वहिनी, पुढच्या साली थंडी वाढनार हाय, मला वरून खबर आलीय."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगा दत्ता आणि सून सीमा त्यांना कोकणात घेऊन गेले, दापोलीच्या पुढं समुद्रकाठी. चार दिवस. काकांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. निघताना मी त्यांना समुद्राला घाबरलेल्या मेंढराची नक्कल करून दाखवली होती आणि ते पोट धरून हसले होते.

परत आले ते वेगळेच. बाकावर बसले नाहीत, थेट दुकानात शिरले. पिशवीतून नातीच्या स्वेटरची अर्धी पाठ काढली आणि यंत्राच्या काचेवर पसरली. समुद्राच्या हवेनं सुयांना गंज चढला होता आणि पिवळ्या लोकरीवर त्याचे डाग उतरले होते. मी डागांवरून काहीतरी विनोद जुळवत होतो. काकांनी माझं बोट धरलं आणि कापडावरून वर वर फिरवलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग खडबडीत. सात वरंबे. मग पुन्हा गुळगुळीत.

सात वरंबे म्हणजे चौदा ओळी. ओळीला तीन मिनिटं लागतात, हे त्यांनी भिंतीवरच्या घड्याळापुढं बसून मोजून पाहिलं होतं. फिटरच तो.

"बेचाळीस मिनिटं मी कुठं व्हतो, नकल्या?"

मी म्हणालो, समुद्राचा वारा असतोच तसा, भल्याभल्यांचा डोळा लागतो.

"झोपल्याला माणूस इणतो व्हय?"

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. शेवटच्या दिवशी दत्ता-सीमा खोलीत सामान भरत होते. काका सुरूच्या झाडाखाली खुर्चीवर विणत बसले होते. सीमानं खिडकीतून हाक मारून विचारलं, मामा, चहा पाठवू का, आणि काकांनी हात हलवून नको म्हटलं. असं तिनं नंतर सांगितलं. काकांना ती हाकही आठवत नव्हती आणि तो हातही. कुणाला काही वेगळं दिसलं नव्हतं. एवढंच की सात वर्षांची नात ओवी तेव्हा गुडघाभर पाण्यात खेळत होती, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला काकांनाच बसवलं होतं.

ओवी सुखरूप होती. शिंपल्यांनी खिसे भरून आली होती. पण त्या दिवशी दुकानात ते वरंबे पहिल्यांदा माझ्या अंगावर आले.

कारण ओवीला शाळेतून रोज काकाच आणायचे, स्कूटरवरून. बारा वाजून वीस मिनिटांनी निघायचं, जालना रोड ओलांडायचा, साडेबाराला शाळेच्या फाटकाशी. काकू वारल्यापासून त्या घरात म्हाताऱ्याला काम असं कुणी सांगत नव्हतं. सगळे बसा, बसा म्हणायचे. हे एक काम त्यांचं होतं. ते मला म्हणाले, दत्ताला सांगितलं तर स्कूटर जाईल. नाही सांगितलं तर काय जाईल, ते त्यांनी तोंडानं म्हटलं नाही.

"सांगू का दत्ताला?"

माझं इथं चुकलं, हे आज कुणीही सांगेल. मी म्हणालो, काका, कशाला? एकदाच झालंय. ते लोक तुम्हाला घरात कुंडीसारखे ठेवतील, सकाळ-संध्याकाळ पाणी घालतील. संक्रांत होऊ द्या, मग बघू. काकांचा चेहरा असा मोकळा झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

पण ते कारखान्यातले होते. त्यांनी उपाय काढला. रोज अकरा ते सव्वाबारा बाकावर बसून विणायचं. मग कापड मी तपासायचं. साफ असेल तर काकांनी किल्ली फिरवायची. वरंबा असेल तर मी सीमाला फोन करायचा, काकांचा पाय दुखतोय म्हणून. तुम्हीच का नाही बघत, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ज्यानं माल केला त्यानं माल तपासायचा नाय. कारखान्यात बी तपासनारा दुसराच असतो. जे डोस्कं चुकलं, त्यालाच इचारून काय फायदा?"

आणि मी ते काम रंगवलं. भिंग आणलं. टोपी घातली. फौजदाराच्या आवाजात पंचनामा करायचो, मयताचं नाव लोकर, राहणार पिशवी. काका हसायचे, पण डोळे माझ्या बोटावर असायचे. मी "माल पास" म्हणालो की ते श्वास सोडायचे. तो श्वास मला रोज ऐकू यायचा. सहा आठवडे माल पास होता. गल्लीत कुणालाही पत्ता नव्हता, आणि माझ्या पोटात एखादी गोष्ट सहा आठवडे राहिली, हीच खरी बातमी होती.

डिसेंबरात एके दिवशी दुकानात गर्दी होती. काकांनी सव्वाबाराला कापड काचेवर ठेवलं. मी भिंग लावलं, आवाज काढला, बोट फिरवलं, आणि बोट अडखळलं. एक वरंबा. दोन ओळी. सहा मिनिटं.

मी वर पाहिलं. काका माझ्या तोंडाकडं पाहत होते, परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या मुलासारखे. त्या दिवशी ओवीच्या शाळेत काहीतरी कार्यक्रम होता आणि तिनं आजोबांना वर्गात या म्हणून सांगितलं होतं. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सहा मिनिटं म्हणजे काय हो, माणूस नुसता खिडकीबाहेर पाहतो तरी सहा मिनिटं जातात. मी म्हणालो, "माल पास."

त्यांनी श्वास सोडला आणि ते गेले.

दीड वाजला तरी ओवी घरी आली नाही. दोनला सीमा कामावरून पळत आली. दत्ताची कामाची पाळी होती, तोही निघाला. मी शटर ओढलं आणि शाळेपासून सगळा जालना रोड माझ्या स्कूटरवरून पालथा घातला. डोक्यात तो एक वरंबा होता आणि बोटाच्या टोकाला अजून तो लागत होता.

तीन वाजता सापडले. चिकलठाण्यात, त्यांच्या जुन्या कारखान्याच्या फाटकासमोर. कारखाना केव्हाच बंद पडला आहे. फाटकाला कुलूप, आत गवत. काका स्कूटर उभी करून पाळीचा भोंगा व्हायची वाट पाहत होते. ओवी मजेत होती. आजोबांनी मला विमान दाखवलं, ती म्हणाली, एकदम डोक्यावरून गेलं. मग तिनं माझा हात ओढला आणि कानात सांगितलं, "आजोबा मला सिस्टर म्हणत होते. मी हसले तर रागावले."

घरी येईपर्यंत काका परत आपले झाले होते. पिशवीतून कापड काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि अंगठ्यानं तो वरंबा शोधला. त्यांनी तो दोनदा चाचपला. माझ्याकडं पाहिलंही नाही. मग स्कूटरची किल्ली सीमाच्या हातात दिली आणि दत्तापुढं बसून समुद्रापासूनचं सगळं सांगितलं. ओळ न् ओळ. त्यातून त्यांनी फक्त मला गाळलं. तपासणारा कुणी होता, हे त्या घरात आजही कुणाला ठाऊक नाही.

पुढं डॉक्टर, तपासण्या, आजाराचं लांबलचक नाव. उन्हाळा संपेपर्यंत काकांच्या हातून उलटा गेला, मग सीधाही. ओवीला आता रिक्षा येते. सीमा त्यांना सकाळी बाकावर आणून बसवते आणि मला म्हणते, भाऊजी, जरा लक्ष ठेवा. मी हो म्हणतो आणि यंत्राची काच पुसायला लागतो.

गेल्या आठवड्यात मी चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी अदबीनं नमस्कार केला आणि विचारलं, कुठले पाव्हणे? मी म्हणालो, इथलाच. मग मी गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला काढून दाखवल्या, शेवटी मेंढरूसुद्धा. ते खूप हसले. डोळे पुसले. मग दुकानाकडं बोट करून माझ्याकडं झुकले आणि आवाज खाली आणून सांगू लागले, नव्या माणसाला सांगावं तसं.

"हितं एक जन असतो. तुमच्यासारखाच, लई हसवतो. मानूस सोन्यासारखा. पन त्याला माल तपासायला बसवू नका."

मी विचारलं, का हो?

"त्याला कुनाचं उतरल्यालं तोंड बघवत नाय."