सरकीची गादी

मोटारीच्या गादीत मी सरकीसकट कापूस भरला होता. हसा, खुशाल हसा. सोळा वर्षांची, चौथी पास, नाकावर माशी बसू न देणारी ती सून आठवली की तिच्या डोक्यात काय भरलं होतं, याचं मलाच कोडं पडतं.

मोटार माझ्या सासऱ्यांची, आबांची. रनाळ्यात त्यांच्याकडे बैलांना तोटा नव्हता, पण धुळ्याच्या एका साहेबाकडून त्यांनी दोनच माणसं बसतील अशी लाल, बिनटपाची, नुसती पळवायची मोटार घेतली. मागचं झाकण उघडलं की डिकीत आणखी एक जण मावे. साहेब होता ताडमाड, आबा ठेंगू. गादीवर टेकले की रस्त्याऐवजी आभाळ दिसे, आणि पाय पुढं ताणले की पाठ घसरे. उतरताना कंबर धरून ते दिसेल त्याला शिव्या घालत.

आबांनी कुणाला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. ज्याचं जे उणं, ते त्याचं नाव. लंगड्या, चकण्या, वांझोटी. एक गडी भरल्या गाडीखाली सापडला, तर आबा ओट्यावरूनच ओरडले, "बैलले लागनं नही ना?" गडी महिनाभर खाटेवर होता. मला ते 'चवथी' म्हणत, आणि मी बावळट तो मान समजे.

अशात कळसाडीला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. माझं लग्न झाल्यापासून मला माहेर दिसलं नव्हतं. आबा सासूबाईंशी बोलल्यासारखं करून मला ऐकवत म्हणाले, "तुन्ही चवथीले सांग, मन्ही कंबर गप बसाडी दे. मंग मी सोता तिले लगीनले लई जासू, डिकीमा बसाडीसन."

तापीच्या काठापर्यंत मोटारीनं, पुढं नावेनं! मला रात्री झोप येईना.

पण सासऱ्यांसमोर सुनेनं उभं राहायची रीत नव्हती, मग माप घेणार कसं? दुपारी आबा उठून गेले की त्यांच्या बैठकीच्या गादीवर खळगा पडे. तो मी सुतळीनं मोजला. मोटारीची जुनी गादी उसवून तिची नवी शिवली. बूड उंच केलं, मांड्यांखाली चढ दिला, कंबरेशी फुगवटा ठेवला. पिंजलेला कापूस चार दिवसांत दबतो, हे गोधड्यांमुळं मला ठाऊक होतं. म्हणून अक्कल लढवली आणि सरकी न काढलेला कापूसच ठासून भरला. घट्ट बसला! आबा नंदुरबारला जाऊन आले, उतरले ते ताठ. म्हणाले, "आज कंबर बोलनी नही."

आयुष्यात त्यांनी माझं केलेलं कौतुक एवढंच.

मी गाठोडं बांधलं. लग्न दोन दिवसांवर आलं तरी मला न्यायला भाऊ आला नाही. म्हटलं, मोटार येणार हे कळलं असेल त्याला, कशाला येईल? निघायच्या सकाळी आबांनी मोटार खळ्यात उभी केली आणि चार पाहुण्यांना गादी दाखवायला बोलावलं. मी दाराआड, हातात गाठोडं. तेवढ्यात गड्यानं पाण्यावरून बैल आणले. सरकी म्हणजे बैलाचा जीव की प्राण. पुढच्या बैलानं नाक फुरफुरवलं, मान मोटारीत घातली आणि एका हिसड्यात खोळ फाडली. गडी कासरा धरून धावला, तर आबांनी हात आडवा केला.

"खाऊ दे रे. चवथी पास सूननी रांधेल शे."

पाहुणे पोट धरून हसले. बैल सावकाश, अगदी चवीनं खात राहिला. आबा दाराकडं न बघता म्हणाले, "गाठोडं सोड वं चवथी. आते कसावर बठू, तुन्हा डोकावर?"

त्या दिवशी मी तिथंच उभी राहिले, गादी संपेपर्यंत. बहिणीचं लग्न माझ्याविना लागलं. पुढल्या वर्षी ती बाळंतपणात गेली. नवरी म्हणून तर नाहीच, एरवीही ती मला पुन्हा दिसली नाही. मी मनाशी धरून बसले, सगळं माझ्या सरकीपायी. लोकांनी हसायच्या आधी मीच तो किस्सा हसून सांगायची. आबांना रागही आला नाही, म्हणून त्यांना थोर मानायची. त्यांच्या तेराव्याला आलेल्या बायकांनाही मी तोच किस्सा सांगितला, बैलाच्या मानेची नक्कल करून. बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. सगळ्या पांगल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या,

"गादी धड ऱ्हाती तरी तुले कोन्ही लई जातं नही, पोरी. सूनले लगीनले धाडत नही, असा सांगावा त्यास्नी तुन्हा बापले पहिलेच धाडेल व्हता."